‘फेन्सिंग बंद ठेवा, काही होत नाही’: होतं, आणि डेटाचंच होतं

पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर दोन नोडचा क्लस्टर (एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, अशी दोन सर्व्हरची जोडी) उभारायच्या ज्या कृती सगळीकडे फिरतात, त्यांत एक सल्ला हमखास असतो: ‘स्टोनिथ-एनेबल्ड’ ही सेटिंग फॉल्स करा, म्हणजे फेन्सिंग बंद ठेवा, क्लस्टर लगेच सुरू होईल. फेन्सिंग म्हणजे प्रतिसाद न देणाऱ्या नोडची वीज किंवा त्याची डिस्कवर लिहिण्याची वाट सक्तीने तोडणं. वर दिलासा असतो की हार्टबीट (नोड एकमेकांना सतत पाठवतात तो ‘मी जिवंत आहे’ हा संदेश) आहे, जर्नल (फाइल सिस्टिमची बदल नोंदवायची वही) आहे, कोरम (नोडच्या मतांचं बहुमत) आहे आणि अगदीच वेळ आली तर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं साधन) आहे. सरावाच्या मशीनवर खुशाल करा. शेअर्ड स्टोरेजवर, म्हणजे दोन्ही नोडना जोडलेल्या एकाच डिस्कवर, लोकांचा खरा डेटा असेल, तर कृपा करून करू नका.

‘हार्टबीट थांबलं म्हणजे सर्व्हर मेला.’ सगळा घोळ इथून सुरू होतो. हार्टबीट थांबलं म्हणजे त्या नोडचा आवाज ऐकू येत नाही, इतकंच. केबल निघाली असेल, स्विच अडखळला असेल, हायपरवायझरने व्हर्च्युअल मशीन थोडा वेळ थिजवून ठेवलं असेल. नोडमधला संवाद सांभाळणाऱ्या कोरोसिंकच्या नव्या आवृत्त्यांत टोकनची मूळ मुदत, म्हणजे नोड गेला असं मानण्याआधीची वाट पाहण्याची वेळ, ३ सेकंदांची आहे. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या एका स्कझी कमांडला (वाचायची-लिहायची आज्ञा) पूर्ण व्हायला सहसा ३० सेकंद मिळतात. त्यामुळे ‘अ’ आणि ‘ब’ या दोन नोडपैकी ‘अ’ मेला असं ठरवून ‘ब’ने शेअर्ड डिस्कवरचा व्हॉल्यूम माउंट केला, म्हणजे वापरायला जोडून घेतला, तरी ‘अ’च्या रांगेतलं लिखाण जिवंतच असतं. मल्टिपाथवर (डिस्कपर्यंत एकाहून जास्त मार्ग ठेवायची सोय) ‘क्यू इफ नो पाथ’, म्हणजे मार्ग नसेल तर रांगेत थांबा, हे लावलेलं असेल तर ते कितीही वेळ थांबतं आणि मार्ग परत आला की डिस्कवर उतरतं. तोवर ‘ब’ने तेच ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिलेले असतात. ‘अ’च्या मेमरीतल्या जुन्या नकाशात मात्र ते अजून मोकळेच दिसतात. कुठलीही एरर न येता एका फाइलच्या पोटात दुसरीचा मजकूर जातो, आणि कित्येकदा तो बॅकअपमध्येही शिरतो.

‘एक्सटी४ला जर्नल आहे.’ लिनक्सच्या या नेहमीच्या फाइल सिस्टिमला ते आहे, पण ते एकट्या मशीनची वीज गेली तर सावरण्यासाठी. एका वेळी एकच मशीन लिहितंय, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ‘ब’ माउंट करताना ‘अ’चं जर्नल पुन्हा चालवतो, आणि ‘अ’ त्याच जर्नलमध्ये लिहीत असेल तर दोघंही फसतात. नुसतं वाचायला माउंट केलं तरी एक्सटी४ जर्नल चालवतं; ते टाळायला माउंट करताना ‘नोलोड’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो.

कोरमने लिहिण्याचा हक्क कोणाचा ते ठरतं. हक्क गेलेल्याचा हात धरला जात नाही. दोन नोडच्या खास सेटिंगमध्ये तर तुटलेल्या दोन्ही बाजूंना कोरम मिळू शकतो.

जीएफएस२ (अनेक नोडना एकाच वेळी लिहू देणारी फाइल सिस्टिम) घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. गेलेल्या नोडचं फेन्सिंग पूर्ण होईपर्यंत त्याची लॉक मोकळी होत नाहीत.

एफएससीकेचं काम फाइल सिस्टिमची रचना जुळवणं. तुमच्या फाइलमध्ये काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: फेन्सिंगमुळे धडधाकट सर्व्हरही बंद पडतो, कधी दोघं एकमेकांना पाडतात. त्यासाठी एका नोडच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा उशीर लावतात. एक रीबूट सोसता येतो. बिघडलेला व्हॉल्यूम सोसत नाही.

वीज तोडणारं फेन्सिंग आयपीएमआयवरून (सर्व्हरला दुरून चालू-बंद करायची त्याच्यातलीच सोय) करता येतं. पण सर्व्हरचीच वीज गेली तर आयपीएमआयही गप्प होतं, म्हणून दुसरा मार्ग हवा. स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन मला विशेष भरवशाचं वाटतं, कारण तिथे नोंद रद्द झालेल्या नोडचं लिखाण स्टोरेजच नाकारतं. वॉचडॉगसह एसबीडी (शेअर्ड डिस्कवरून निरोप मिळाला की नोड स्वतःच बंद होतो; तो अडकला तर वॉचडॉग हा टायमर त्याला रीसेट करतो) हाही चांगला पर्याय आहे. एक्सटी४चं एमएमपी, म्हणजे एकाच वेळी दोन मशीनवर माउंट होण्यापासूनचं संरक्षण, जरूर लावा. दुसरं माउंट ते बहुधा अडवतं, मात्र फेन्सिंगची जागा घेत नाही. आणि फेन्सिंग फसल्यावर क्लस्टर अडून बसला तर तो बिघाड समजू नका. पहिला नोड खरंच थांबल्याची खात्री नसताना त्याने असंच थांबायला हवं.

चाचणी घेताना ‘रीबूट’ देऊ नका, त्यात नोड शहाण्यासारखा निरोप घेऊन जातो. डिस्कवर लिखाण चालू असताना क्लस्टरचं नेटवर्क तोडा आणि लॉग उघडा: ‘अ’चं फेन्सिंग यशस्वी झाल्याची नोंद ‘ब’च्या माउंटच्या आधी दिसली पाहिजे.