12 व्होल्टचं सीलिंग लाइटिंग "कोणीही लावू शकतं" म्हणे, एकेक मुद्दा घेऊन बोलू

मागच्या पंधरा-वीस दिवसांत तोच एक मेसेज मला नागपुरातल्या वेगवेगळ्या ग्रुपवर पाच-सहा वेळा दिसला. मजकूर थोडक्यात असा की फॉल्स सीलिंगमध्ये 12 व्होल्टचे एलईडी लावा, शॉक नाही, आगीची भीती नाही, इलेक्ट्रिशियन नको, कोणतीही पातळ वायर चालते, मेन बोर्डाजवळ एकच मोठा एसएमपीएस (230 व्होल्टचे 12 व्होल्ट डीसी करणारा डबा) बसवून पूर्ण घर ओढा नाहीतर पीओपीच्या वर टाकून द्या, बिल अर्धं येईल, आणि लाइन गेली की सरळ इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडा. मी इथे सोळा वर्षांपासून वायरिंगचं काम करून राहिलो, आणि हा मेसेज वाचून लोक खरंच शिडीवर चढून राहिले म्हणून लिहितोय.

शॉकपासून सुरुवात करू. 12 व्होल्ट डीसीला कोरडा हात लागला तर काही कळत नाही, हे खरं आहे. पण ते 12 व्होल्ट येतात कुठून? एसएमपीएसमधून, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला 230 व्होल्टच असतात ना भाऊ. ती 230 ची वायर तुम्ही पीओपीच्या वर नेली, पिळून टेप मारला, आणि वर सगळा सांगाडा जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा. त्या पट्टीची धार तीक्ष्ण असते, वायरचं कव्हर एका जागी कापलं की पूर्ण सांगाड्यात करंट उतरू शकतो, आणि पुढच्या वेळी पंखा काढायला चढलेला माणूस त्यालाच हात टेकवतो. म्हणून इनपुटचं काम जाणकारानेच करायचं, अर्थिंग द्यायची आणि घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच. अजून एक, बाजारात स्वस्त ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला सप्लाय देणारे डबे, मिळतात ज्यात आतून आयसोलेशनच नसतं, त्यांच्या आउटपुटच्या वायरीसुद्धा मेनशी जोडलेल्या असतात. म्हणजे "लो व्होल्टेज" म्हणून बिनधास्त हात लावला आणि झटका बसला. डबा घेताना तो आयसोलेटेड आहे का हे विचारून घ्या.

आता पातळ वायर, आणि खरा घोळ इथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. 60 वॅटचा लोड 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो. तोच 60 वॅट 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, जवळपास 19 पट. व्होल्टेज कमी म्हणजे वायर पातळ चालेल हे एकदम उलटं आहे, व्होल्टेज कमी केलं की वायर जाड लागते. गेल्या महिन्यात बेसा भागातल्या एका घरी गेलो, हॉलच्या चारी बाजूंनी कोव्हमध्ये, म्हणजे सीलिंगच्या कडेच्या खाचेत, एलईडीची पट्टी म्हणजे स्ट्रिप लावलेली, घरच्यांनी मेसेज वाचून स्वतःच लावली होती. काकू म्हणाल्या, टीव्हीकडची बाजू आणि देवघराकडची बाजू एकाच घरातली वाटत नाही. मीटर लावून पाहिलं तर एसएमपीएसवर 12.1 आणि लांबच्या टोकाला 10.3 व्होल्ट. वायर होती अर्ध्या स्क्वेअर एमएमची, दहा मीटर जाऊन दहा मीटर परत, म्हणजे साधारण 0.7 ओहम रेझिस्टन्स. आता कोणी म्हणेल दोन व्होल्टनी काय होते, तर 12 व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन-तीन एलईडी एकामागे एक असतात, ते मिळून 9 व्होल्टच्या जवळपास घेतात, उरलेल्या 3 व्होल्टवरच करंट ठरतो. त्या तीनातले पावणेदोन गेले की उजेड निम्म्याच्याही खाली.

हेच काम 24 व्होल्टवर केलं की करंट अर्धा होतो आणि तीच वायर तेवढा त्रास देत नाही. म्हणून मी हल्ली लांब कोव्हला 12 सुचवतच नाही, 24 व्होल्टची स्ट्रिप, दीड स्क्वेअर एमएम वायर, आणि पाच मीटरच्या पुढे गेलं की दोन्ही टोकांनी सप्लाय. शिडीवर चढायच्या आधी कागदावर एवढं ठरवलं तर काम खरंच सोपं होते.

आग लागत नाही म्हणतात, ते तर सर्वात वाईट वाक्य आहे त्या मेसेजमधलं. तापवते ते करंट आणि सैल जॉइंट, व्होल्टेज कमी असून काही फरक पडत नाही. त्याच घरी एका कोपऱ्यात क्लिपवाला कनेक्टर होता, प्लास्टिक चॉकलेटी होऊन वाकलेलं, शेजारी पीओपीवर पिवळा डाग. सैल जॉइंटला 0.2 ओहम जरी रेझिस्टन्स धरला तरी 5 अँपिअरवर 5 वॅट उष्णता तयार होते, ती पण डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत, रोज संध्याकाळी पाच तास. आणि यात एमसीबी पडत नाही, एसएमपीएस पण बंद होत नाही, काहून की त्यांच्या हिशेबाने लोड नॉर्मलच आहे. स्ट्रिपला वायर सोल्डर करा, बाकी जॉइंटला लिव्हरवाले कनेक्टर वापरा, पिळून टेप मारणं बंद करा.

एकच एसएमपीएस पूर्ण घराला, हे वरचं वाचल्यावर कळलंच असेल. 300 वॅटचा डबा म्हणजे 12 व्होल्टवर 25 अँपिअर, ते बोर्डापासून मागच्या बेडरूमपर्यंत न्यायला केबल केवढी लागेल विचार करा. खोलीला एक छोटा डबा घ्या आणि त्याच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या वर लोड टाकू नका. राउटर किंवा सेट टॉप बॉक्सचा जुना अडॅप्टर वापरा असंही त्यात लिहिलंय. तो असतो 12 व्होल्ट, दीड-दोन अँपिअरचा, आणि 14.4 वॅट प्रति मीटरवाली पाच मीटरची स्ट्रिप मागते 72 वॅट म्हणजे 6 अँपिअर.

"ड्रायव्हर पीओपीच्या वर टाकून विसरून जा" हे कुठल्या थंड गावात चालत असेल तर असो, आपल्याकडे नवतपात पारा 45 च्या वर जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहाला पण तापलेला असतो आणि स्लॅब-पीओपीच्या मधली हवा कुठे निघतच नाही. ड्रायव्हरच्या आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर प्रत्येक 10 अंश वाढीला साधारण अर्ध्या आयुष्यावर येतो. एलईडी चांगले असतात आणि मे-जूनमध्ये डबा जातो, मग तो काढायला छत कापा, पुन्हा पुट्टी, पुन्हा पेंट. डबा माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वर हवेशीर जागी ठेवा, आणि सीलिंगमध्येच ठेवायचा असेल तर हात जाईल असं झाकण आधीच करून घ्या.

बिलाचं दोन ओळीत. 60 वॅट म्हणजे 60 वॅट, 12 व्होल्टवर घ्या की 230 वर, पाच तासाला 0.3 युनिटच. बचत होते ती जुन्या चोकवाल्या ट्यूबऐवजी एलईडी लावल्याने. पातळ वायर टाकली तर त्यातला काही भाग वायर तापवण्यातच जातो.

सीलिंगमधल्या गोल पॅनल लाइटचा ड्रायव्हर काढून 12 व्होल्ट द्या, ही पण टिप होती. त्या ड्रायव्हरवर लिहिलेलं वाचा एकदा, 30-42 व्होल्ट, 300 मिलिअँपिअर असं काहीतरी असते. तो करंट धरून ठेवणारा ड्रायव्हर आहे, आतले एलईडी एकामागे एक जोडलेले आहेत, 12 व्होल्टवर ते लागणारच नाहीत.

आणि बॅटरी. इन्व्हर्टरची बॅटरी नावाला 12 व्होल्ट, चार्जिंगला असताना 14.4 पर्यंत जाते, आणि मघाच्या हिशेबाने 3 व्होल्टच्या जागी 5 च्या वर उरतात, म्हणजे स्ट्रिपमध्ये दीडपटीहून जास्त करंट, काही महिन्यांत एलईडी काळे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शॉर्ट झाला तर एसएमपीएस स्वतः बंद होतो, बॅटरी नाही होत, ती शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लाल होते. जोडायचंच असेल तर बॅटरीच्या टर्मिनलपाशीच फ्यूज आणि मधे 12 व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर, नाहीतर लाइटचा सर्किट इन्व्हर्टरच्या 230 लाइनवर घ्या, तेच सोपं आहे.

बेसाच्या त्या घरी 24 व्होल्टची स्ट्रिप, नवी वायर, दोन्ही टोकांनी सप्लाय आणि डबा शोकेसच्या वर, असं करायला मला एक दिवस लागला. शेवटी मीटर लावला तर सर्वात लांबच्या जागी 23.4 होते. तो चॉकलेटी कनेक्टर काकांनी ठेवून घेतला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवायला.