मालकाचे उत्तर: ‘साडेनऊला बोलावलं, दीडला स्कॅन. मशीन जुनाट, फोटो धूसर’ (एक स्टार)

नमस्कार भाऊ. हाडांच्या स्कॅनला आलेल्या तुमच्या वडिलांना त्रास झाला, माफी मागतो. ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नाला काउंटरवरच्या पोराने धड उत्तर दिलं नाही, ही चूक आमचीच.

पण ‘पुण्यात नव्या मशीनवर अर्ध्या तासात मोकळे झालो असतो’ हे वाचून फार लागलं. साडेनऊची वेळ होती, तुम्ही दहा वीसला आलात. रजिस्टरवर सही तुमचीच आहे. साडेदहाला टेक्नेशियमचं, म्हणजे गॅमा किरण सोडणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं, दीडला स्कॅन; अंगातून येणारे तेच किरण टिपून मशीन फोटो काढतं. हे तीन तास मशीनचे नव्हते, हाडांचे होते. औषध हाडांत मुरायला आणि उरलेलं लघवीवाटे जायला दोन ते चार तास द्यावेच लागतात. सिस्टर सारखी ‘बाबा, पाणी प्या’ म्हणत होती ते त्यासाठीच. पुण्यातही इंजेक्शन घेऊन बसावंच लागलं असतं. जळगावच्या उन्हाळ्यात ते बसणं जड जातं, कबूल.

नवं मशीन सरस आहेच, खोटं कशाला बोलू. त्यातला सीझेडटी (कॅडमियम-झिंक-टेल्युराइड) डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, गॅमा किरणाचा थेट विजेचा सिग्नल करतो. आमच्यात सोडियम आयोडाइडचा स्फटिक आहे. त्यावर किरण आदळला की बारीकसा उजेड पडतो, तो मागच्या नळ्या टिपतात. टेक्नेशियमच्या १४० केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचं माप) किरणाची ऊर्जा मोजताना आमच्याकडे साधारण १० टक्के इकडेतिकडे होतं, सीझेडटीत जवळपास निम्मं. नव्या मशीनने टेबलावरची मिनिटं वाचतात, इंजेक्शननंतरचे तास नाही.

आता धूसरपणा. चांदीचा करदोडा काढायला सांगितल्यावर ‘राहू द्या’ कोण म्हणालं, ते आठवा. धातू किरण अडवतो, कमरेवर तो पट्टा उमटला. त्यात बाबा दोनदा कुशीवर वळले. वय आहे, त्यांना दोष नाही. कॉम्प्युटरवर आम्ही ओएसईएम नावाची चित्र बांधायची पद्धत वापरतो, म्हणजे चित्राचा अंदाज मांडायचा, टिपलेल्या किरणांच्या मोजणीशी ताडायचा, परत सुधारायचा. पण कंबर एका फोटोत इथे अन् दुसऱ्यात तिथे असली तर ताडणार कशाशी? तरी करदोडा काढून तेवढा भाग परत घेतला, जादा पैसे न घेता. ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.

वेळेची पाटी लावतोय, कूलरचंही बघतो. मशीनचे हप्ते अजून चालू आहेत भाऊ, एका स्टारने पेशंट बिचकतात. दुसऱ्या फोटोंची सीडी काउंटरवर पडून आहे, तेवढी घेऊन जा.