फुटा, पण तत्त्वावर फुटा

प्रभूमध्ये प्रिय बंधू,

तुमचं आणि तुमच्या पाळकांचं बिनसल्याचं कळलं. अभिनंदन! गेल्या बुधवारच्या सभेत तुमच्या मेहुण्याला डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी सेवक, करायचं राहून गेलं, वर पाळकांच्या बायकोने तुमच्या बायकोच्या पियानो वाजवण्यावर काहीतरी शेरा मारला, आणि आता तुम्ही वेगळी चूल मांडायच्या विचारात आहात. टेनेसी असो की टेक्सास, बॅप्टिस्ट पंथाच्या माणसाच्या आयुष्यात ही वेळ एकदा तरी येते. पण घाई करू नका. मेहुणा आणि पियानो ही फुटायची कारणं झाली. ती चारचौघांत सांगायची नसतात. मेहुण्यावरून फुटणाऱ्याला लोक भांडकुदळ म्हणतात, तत्त्वावरून फुटणाऱ्याची तसबीर पुढची शंभर वर्षं चर्चच्या दालनात लटकते.

तेव्हा आधी तत्त्व शोधा. फार शोधावं लागणार नाही, वाडवडिलांनी भरपूर करून ठेवलंय.

अगदी मुळापासून बघा. 1609 च्या सुमारास इंग्लंडमधून ऍमस्टरडॅमला पळून आलेल्या जॉन स्मिथ या उपदेशकाला उमगलं, की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा काही बाप्तिस्मा नव्हे, कळत्या वयात विश्वास धरून घेतला तरच खरा. म्हणजे झाडून सगळ्यांचा बाद. आता नवा द्यायचा कुणी? ज्याचा स्वतःचाच झालेला नाही तो दुसऱ्याला काय देणार? स्मिथने तोड काढली आणि स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देऊन टाकला. तोही पाणी ओतून, बुडी मारून नव्हे. (आपण आज बुडी मारलेलाच खरा मानतो, तेव्हा हे शेवटचं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मोठ्याने बोलू नका.) मग त्याने थॉमस हेल्विस आणि इतरांना दिला, आणि पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. थोडे दिवस जातात न जातात तोच स्मिथला वाटायला लागलं की आपलं चुकलंच, कळत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या शेजारच्या मेनोनाइट पंथीयांकडून रीतसर घ्यायला हवा होता. झालं, हेल्विस आणि दहाएक जणांनी त्यालाच मंडळीबाहेर काढलं. जिथे संस्थापकालाच दोन वर्षांच्या आत घरी बसवतात, तिथे तुम्ही कशाला संकोच करता?

तत्त्व लहान असलं तरी चालतं. खरं तर लहानच घ्यावं. मोठ्या तत्त्वावर समोरचा विचार करून बोलतो, लहानावर लगेच पेटतो. लंडनमध्ये हॉर्सलीडाउनला बेंजामिन कीच नावाचे पाळक होते. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक गीत म्हणावं अशी प्रथा त्यांनी पाडली. एकच गीत. तेवढ्यावर लोक उठले. माणसाने आधी रचून ठेवलेलं गाणं आत्म्याचं कसं? आणि बायकाही गाणार, म्हणजे मंडळीत बायका बोलल्यासारखंच की! तोडगा असा निघाला, की गीत उपासनेच्या अगदी शेवटी घ्यायचं, ज्याच्या विवेकाला टोचतं त्याने आधी उठून जावं. डोळ्यांसमोर आणा जरा. प्रार्थनेचा आमेन होतो, बाकं करकरतात, काही कुटुंबं टोप्या आणि पोरं सावरत दाराकडे निघतात, उरलेले ओठ मिटून त्यांच्या पाठी बघत बसतात. शेवटचा बाहेर पडतो, दार लागतं, आणि मग पहिली ओळ. बाहेर गेलेले लगेच घरी जात असतील की पायरीवर थांबून कोण बेसूर गातंय ते ऐकत असतील, हे इतिहासात नोंदलेलं नाही.

पुढे 1690 साली आयझॅक मार्लो नावाच्या जवाहिऱ्याने गाण्याविरुद्ध पुस्तिका काढली, दुसऱ्या वर्षी कीच यांनी अख्खं पुस्तक लिहून तिला उत्तर दिलं, मग उत्तराला उत्तर, त्याला प्रत्युत्तर. भाषा इतकी घसरली की 1692 च्या बॅप्टिस्टांच्या सर्वसाधारण सभेला दोन्ही बाजूंना दटावावं लागलं. शेवटी न गाणाऱ्यांनी लंडनमध्येच मेझ पाँडला आपली वेगळी, शांत मंडळी काढली. काही दशकांनी तिथेही गाणी सुरू झाली. तोवर फुटणारे बहुतेक वारले होते, त्यामुळे कुणाची मानहानी झाली नाही. तत्त्व निवडताना हे गणित लक्षात ठेवा: ते आपल्या हयातीपुरतं टिकलं तरी पुरे.

नाव ठेवताना कंजुषी नको. पाटीवर नुसतं ‘बॅप्टिस्ट चर्च’ लिहिलंत, तर तुम्ही कुणाच्या विरोधात आहात हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कसं कळणार? डॅनियल पार्कर यांचा कित्ता गिरवा. माणसांत दोन बीजं, एक देवाचं आणि एक सापाचं, अशी त्यांची शिकवण. सापाचं बीज तरणार नाही, देवाचं आपसूक तरेल, मग मिशनरी पाठवून पैसे कशाला घालवायचे? त्यांना टेक्ससला जायचं होतं. तेव्हा टेक्सस मेक्सिकोत होतं, आणि तिथे कॅथलिक सोडून दुसरं चर्च स्थापायला कायद्याने बंदी. पार्कर यांनी कायदा नीट वाचला. स्थापायला बंदी आहे ना, आणायला कुठे आहे? 1833 साली त्यांनी इलिनॉयमध्येच मंडळी स्थापली आणि तयार मंडळी गाड्यांत घालून टेक्ससला नेली. नाव होतं ‘पिल्ग्रिम प्रीडेस्टिनेरियन रेग्युलर बॅप्टिस्ट चर्च’. यातला एकेक शब्द कुणाला तरी आत येऊ न देण्यासाठी आहे. अशी नावं अजून पुष्कळ आहेत. सेव्हन्थ डे आहेत, फ्री विल आहेत, सिक्स प्रिन्सिपल आहेत, प्रिमिटिव्ह आहेत. या शेवटच्यांच्या पूर्वजांनी 1832 साली मेरीलँडमधल्या ब्लॅक रॉकला जमून मिशनरी संस्था, शब्बाथशाळा, पाळक घडवणारी विद्यालयं आणि धार्मिक पत्रकं छापणाऱ्या संस्था या सगळ्यांचा निषेध केला, कारण शास्त्रात यांचा उल्लेख नाही. आणि तो निषेध छापून वाटला.

(‘हार्मनी’ किंवा ‘युनिटी’ नावाची मंडळी दिसली, तर तिच्या जन्मकथेची चौकशी जपून करा.)

आता पाणी. इथे आपल्या मराठी वाचकाचाही थोडा संबंध येतो. 1812 साली अमेरिकेतून काही तरुण मिशनरी दोन जहाजांनी भारताकडे निघाले. सगळे एकाच पंथाचे, बाळांना बाप्तिस्मा देणारे. त्यातल्या अडोनिराम जडसन यांना वाटलं, कलकत्त्याजवळ श्रीरामपुरात विल्यम केरीसाहेबांच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांशी गाठ पडणार, वाद होणार, तेव्हा त्यांना खोडून काढायची तयारी वाटेतच करावी. जहाजावर ते ग्रीक शब्दांचा कीस पाडत बसले. पाडता पाडता स्वतःच बॅप्टिस्ट झाले, आणि सप्टेंबरात कलकत्त्यात बुडी घेतली. पाठोपाठ लूथर राइसनेही घेतली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मात्र बधले नाहीत. ते 1813 मध्ये कोरडेच मुंबईला उतरले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लागलं, ते जडसनचा अभ्यास हॉलसाहेबांना बाधला नाही म्हणून. तुम्ही यातून एवढंच घ्यायचं, की प्रतिपक्षाला खोडण्यासाठीसुद्धा त्याचा विषय मुळातून वाचू नये. फार धोका असतो.

शब्दावरूनही उत्तम फूट पडते. बंगालीत बायबल करणाऱ्या बॅप्टिस्टांनी बाप्तिस्म्याच्या मूळ ग्रीक शब्दाला सरळ ‘बुडवणं’ असा प्रतिशब्द घातला. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी म्हणाली, मग आमचा पैसा मिळणार नाही. बॅप्टिस्टांनी 1840 साली स्वतःची भाषांतर संस्था काढली. अमेरिकेत हेच नाटक आधीच होऊन गेलं होतं. तिथे 1836 मध्ये निराळी बायबल सोसायटी निघाली आणि 1850 मध्ये इंग्रजी बायबलावरून तिच्यातूनही एक फुटली. आपल्या मराठी बायबलातला ‘बाप्तिस्मा’ किती शहाणा बघा. मूळ शब्द जवळजवळ तसाच ठेवलाय. बुडवायचं की शिंपडायचं याबद्दल तो अवाक्षर काढत नाही, म्हणून सगळ्यांच्या घरी जेवतो. आणि ज्या केरीसाहेबांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये कोश, त्यांचं श्रीरामपूर स्वतःच्या मायदेशातल्या सोसायटीपासून 1827 मध्ये वेगळं झालं आणि तब्बल दहा वर्षं वेगळं राहिलं. व्याकरण येत असलं म्हणजे संधी जमतोच असं नाही.

आपली मंडळी परवा निघाली असली तरी ती थेट येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापासून अखंड चालत आली आहे, असं सांगायला विसरू नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘लँडमार्क’ नावाच्या बॅप्टिस्ट गटाने हे मत घरोघर पोचवलं. खरी मंडळी फक्त आपली, दुसऱ्यांनी बुडवलेला माणूस ओला झालेला असला तरी कोराच धरायचा. एवढं सांगितलंत की पुरे, पुरावे शोधू नका. विल्यम विटसिट यांनी शोधले. ते लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट विद्यालयाचे प्रमुख होते. लंडनला जाऊन त्यांनी जुनी कागदपत्रं उपसली आणि लिहिलं, की इंग्लंडच्या बॅप्टिस्टांनी बुडवायला सुरुवात केली ती 1641 मध्ये. वर्तमानपत्रं तापली, अधिवेशनं तापली, देणग्या थांबवायच्या धमक्या आल्या आणि 1899 मध्ये साहेब पदावरून गेले. आज बहुतेक इतिहासकार 1641 च्या आसपासच बोट ठेवतात. विटसिट यांना त्याचा काही उपयोग नाही.

भांडताना आवाज चढला तर हरकत नाही, हात मात्र आवरा. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचे पाळक जे. फ्रँक नॉरिस यांना टेक्ससच्या बॅप्टिस्टांनी आधीच बाहेर काढलं होतं. 1926 च्या जुलैत एका शनिवारी डी. ई. चिप्स नावाचा लाकडाचा व्यापारी त्यांच्या चर्चमधल्या कचेरीत भांडायला आला. नॉरिस यांनी त्याला गोळ्या घालून ठार केलं. त्याच्याजवळ हत्यार नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवारी नॉरिस नेहमीसारखे उपदेशाला उभे राहिले, आणि पुढे ज्युरीने त्यांना स्वसंरक्षण म्हणून निर्दोष सोडलं. हे तुम्हाला झेपणार नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखं एवढंच, की स्वतःचं वर्तमानपत्र काढावं. ते नॉरिस यांनी काढलं, फोर्ट वर्थ आणि डेट्रॉइट अशा दोन मंडळ्या एकाच वेळी सांभाळल्या, आणि 1950 मध्ये त्यांच्याच शिष्यांनी बंड करून वेगळा संघ काढला. त्या संघानेही आधी वर्तमानपत्र काढलं. शिष्यांना फुटायला शिकवू नका, ते लक्ष देऊन शिकतात.

सगळ्यांत कामाचा शब्द मी मागे ठेवला होता: स्वायत्तता. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर कुणाची सत्ता नाही. फार सुंदर तत्त्व आहे, पण ते कधी बाहेर काढायचं आणि कधी कपाटात ठेवायचं याची समज हवी. 1845 साली जॉर्जियातल्या ऑगस्टाला सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा दक्षिणेतल्या मंडळ्यांचा संघ स्थापन झाला, तेव्हा वाद होता गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावं का, याचा. उत्तरेकडचे नाही म्हणाले, दक्षिणेकडच्यांनी घर वेगळं केलं, आणि कामकाजात मात्र भाषा हक्कांची आणि सुवार्तेच्या कार्याची. माफीचा ठराव झाला 1995 मध्ये. दीडशे वर्षांनी. इतकी शिस्त तुम्हाला जमली पाहिजे.

अलीकडचा धडा आणखी चोख आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांनी याच संघाकडे मागणी केली, की आरोप सिद्ध झालेल्या पाळकांची एक यादी ठेवा, म्हणजे एका गावातून हाकललेला माणूस पुढच्या गावात पुन्हा मुलांचे वर्ग घेणार नाही. 2008 मध्ये कार्यकारी समितीने उत्तर दिलं, जमणार नाही, मंडळ्या स्वायत्त आहेत. 2022 मध्ये बाहेरच्या चौकशीत निघालं, की त्याच समितीच्या कचेरीतले लोक सातशेहून अधिक नावांची एक यादी गुपचूप ठेवून होते. ठेवून होते, एवढंच. आणि 2023 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चने बायकांना पाळक नेमलं म्हणून त्या अवाढव्य मंडळीला संघाबाहेर काढताना स्वायत्ततेची कुणाला अडचण झाली नाही. मतदान झालं, बहुमत मिळालं. बाई व्यासपीठावर चढली की अधिकार आपोआप हाताला लागतात.

तेव्हा बंधू, तत्त्व ठरलं, नाव ठरलं, योहानापर्यंतची वंशावळ तयार आहे. आता एक व्यवहाराचं तेवढं सांगतो.

फुटायच्या आधीच्या रविवारी भांडी घरी आणा.

हसू नका. अशीच एक मंडळी फुटल्यावर मी तिथल्या स्वयंपाकघरात गेलो होतो. वाटण्या चोख झाल्या होत्या. पियानो यांचा, बाकं त्यांची, बँकेतल्या पैशांसाठी वकील. पण खालच्या फडताळात काचेच्या भांड्यांची चळत तशीच राहिली होती. सामुदायिक जेवणाला जो तो घरून आपला पदार्थ आणतो, भांडं रिकामं होऊन धुऊन तिथेच राहतं, आणि अदलाबदल नको म्हणून बुडाला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. दोन्ही पक्षांची नावं एकात एक बसली होती. पुरुषांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी किराणा दुकानाबाहेर उभा होतो. फुटीनंतर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या, दोन गाड्या खेटून लावलेल्या, काचा खाली. एकीने काही न बोलता खिडकीतून भांडं पुढे केलं. दुसरीने घेतलं, उलटं करून नाव बघायला गेली, आणि एकदम थांबली. वर फॉइल होतं. आत काहीतरी होतं, आणि दोन्ही हातांनी धरावं लागलं म्हणजे गरमही असावं.

मग दोघी पाऊण तास तिथेच बोलत होत्या. तुमच्या फुटीत असलं काही होऊ द्यायचं नसेल, तर रविवारी मोठी पिशवी घेऊन जा.