दुखापत : शरीराचा खालचा भाग

टोरंटोत घोटा मुरगळून घ्यायचाच असेल, तर मार्चचा पहिला आठवडा टाळावा, ही सूचना येथे नव्याने येणाऱ्यांना विमानतळावरच द्यायला हवी. दाराबाहेरच्या पायरीवरील बर्फावरून मी घसरलो, यात सांगण्यासारखे काही नाही. या शहरात ते सर्वांच्याच वाट्याला येते. फिजिओथेरपीसाठी मला मिळालेली वेळ मात्र ७ मार्च २०२५ च्या दुपारची होती, आणि त्याच दुपारी तीन वाजता एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगच्या, संघांना आपसांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत संपत होती.

थेरपिस्ट बाईंनी माझा पाय उशीवर ठेवला, घोट्यावर बर्फाची पिशवी बांधली, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला आणि आमचा वैद्यकीय संबंध तिथेच संपला. "लॉटन आला!" असे ओरडत त्या पडद्यापलीकडे गेल्या. पलीकडच्या खाटेवर एक आजोबा होते. पडदा तोकडा असल्यामुळे मला त्यांचा केवळ एक पाय दिसत होता : गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण, पावलात टोरंटोच्या मेपल लीफ्स संघाचा निळा मोजा आणि मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा. पुढचा सारा वाद मी त्या अंगठ्याच्या हालचालींवरून समजून घेतला. संताप आला की तो ताठ होई आणि निराशा दाटून आली की बाजूला कलंडे.

स्कॉट लॉटनच्या बदल्यात फिलाडेल्फियाला एक तरुण खेळाडू आणि २०२७ मधील पहिल्या फेरीची निवड (नवोदित खेळाडूंमधून एक निवडण्याचा हक्क) देण्यात आली. बोस्टनकडून बचावपटू ब्रँडन कार्लो आणण्यासाठी आणखी एक तरुण खेळाडू आणि २०२६ ची निवड गेली. घरची जमीन विकून बारसे थाटात करण्याचाच हा प्रकार, असे आजोबांचे मत होते. "आणि आपल्या हुकमी मार्नरचा करार या उन्हाळ्यात संपतो, त्याचे काय? तो फुकट निघून गेला म्हणजे?" अंगठा ताठ. बाईंचे म्हणणे असे की, लॉटन शेजारच्या ओकव्हिलचा, म्हणजे घरचाच मुलगा. शिवाय त्याचा अर्धा पगार फिलाडेल्फियाच उचलणार असल्यामुळे संघ आठ कोटी ऐंशी लाख डॉलरच्या पगारमर्यादेत बसतो. माझ्या उपचारांच्या शुल्काचा अर्धा भाग उचलायला कोणतेही शहर पुढे आलेले नाही, हे मी पडद्याअलीकडून नम्रपणे सुचवून पाहिले. तेवढ्याने आजोबांचे लक्ष माझ्याकडे वळले.

"तुम्हाला काय झाले आहे?"

"घोटा मुरगळला."

पलीकडे क्षणभर कोणीच काही बोलले नाही. "असे कधी सांगायचे नसते," आजोबा म्हणाले. एनएचएलमध्ये खेळाडूचे हाड मोडो वा स्नायू फाटो, प्लेऑफच्या, म्हणजे जूनपर्यंत चालणाऱ्या बाद फेऱ्यांच्या, दिवसांत तर संघ हमखास एवढेच कळवतो की दुखापत शरीराच्या वरच्या भागाला आहे किंवा खालच्या. नेमकी जागा कळली की प्रतिस्पर्धी तिथेच घाव घालतात. "ऑफिसात काय कळवलेत?" मी खरे ते सांगितले. "मग संपलात तुम्ही," असा निर्वाळा देऊन आजोबांनी लीफ्सच्याच बॉबी बॉनची कथा सुरू केली. १९६४ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, डेट्रॉइटविरुद्ध, बॉनला स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले. तो सुन्न करणारे इंजेक्शन घेऊन परतला, जादा वेळेत विजयी गोल केला, सातवा सामनाही खेळला आणि पायाचे हाड मोडल्याचे त्यानंतर कुठे निश्चित झाले. "आणि तुम्ही कुबडी घेऊन आलात," आजोबा म्हणाले.

बर्फाची पिशवी अजून माझ्या घोट्यावरच होती. पायाला आता वेदना नव्हत्या, कारण पाय आहे की नाही हेच कळत नव्हते. बाईंना तसे सांगितले, तेव्हा त्यांनी "अगदी उत्तम" असे उत्तर दिले आणि पुन्हा फोनकडे पाहिले.

आजोबांनी दरम्यान माझ्या रजेचे नियोजन हाती घेतले होते. टँपा बे संघाचा कुचेरॉव्ह २०२०-२१ चा संपूर्ण साखळी हंगाम कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर बसला, त्यामुळे पगारमर्यादेतील त्याच्या पगाराएवढी जागा संघाला वापरता आली. मग प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात तो ठणठणीत होऊन उतरला आणि संघाने करंडक जिंकला. मीही तसेच करावे. मला हॉकी थोडीफार कळते, हे दाखवण्यासाठी मी खडकीच्या धनराज पिल्लेंचे नाव घेतले आणि ते चार ऑलिंपिक खेळल्याचे सांगितले. आजोबांनी गंभीरपणे विचारले, "त्याचा करार कधी संपतो?"

हसू आले, हे खरे. पण त्याच वेळी भिंतीवरचे घड्याळही दिसत होते. माझ्या विम्यातून वर्षाकाठी ठरावीकच रक्कम मिळते आणि त्या रकमेतील जवळपास एक पूर्ण भेट १९६७ नंतर करंडक न जिंकलेल्या संघाच्या दुरुस्तीवर खर्च झाली. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते, आज बत्तीस आहेत. म्हणजे गणितानेही आजोबांची बाजू सोडलेली आहे. २०१३ मध्ये बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात अखेरच्या सत्रात ४-१ अशी आघाडी असताना हरलेल्या संघावर एखाद्याने इतका जीव लावावा, याला माझी हरकत नाही. तो माझ्या पैशाने लावू नये, एवढेच म्हणणे आहे.

काउंटरवर अर्थातच पूर्ण शुल्क कापून घेण्यात आले. पुढची वेळ संध्याकाळची हवी, असे मी म्हटल्यावर तेथील मुलीने सांगितले की, एप्रिलच्या अखेरीस बाई संध्याकाळी येत नाहीत, प्लेऑफ असतात. मात्र मेच्या पहिल्या आठवड्यानंतर वेळच वेळ आहे. "दरवर्षी असतोच," असे तिने सवयीने जोडले.

"यंदा जूनचे द्या!" आतून आजोबा गरजले.

मी मेचीच वेळ घेतली.