वणव्यानं गवत चांगलं येतं, पण कुठलं?

भाऊ, गौताळा अभयारण्यातल्या वणव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाचल्यावर स्वतःचाच लेख परत उघडावा लागला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाळीसगावात पंख्याखाली बसून पायथ्याच्या लोकांवर आळ घेऊ नका, डोंगर आजोबांच्या काळापासून पेटतो आणि पेटला की गवत जोमानं येतं, शिवाय गुरं आत सोडू देत नाहीत म्हणूनच गवत माजतं नि पेटतं.

पंख्याचं कबूल. मार्चात खानदेशात माणूस आणखी कशाखाली बसणार?

आळ घेतल्याचंही कबूल. 'गवतासाठी गावकरीच आग लावतात' असं मी लिहून मोकळा झालो होतो. हाताशी काय होतं, तर उपग्रहाच्या नकाशावरचे लाल ठिपके. त्यातला एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, आणि तो उपग्रह डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या नि रात्री दीडच्या सुमाराला. मार्चात वीज पडून डोंगर पेटत नाही, तेव्हा हात माणसाचाच, एवढं नक्की. पण चार वाजता कुणी विडी टाकली, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला, की औट्रम घाटात गाडी थांबवून कुणी चूल मांडली, हे त्या ठिपक्याला काय कळणार! ते वाक्य आज काढून टाकलं आहे.

चराईबद्दल मी निम्मा तुमच्या बाजूनं आहे. १९८६ साली अभयारण्य झालं, चाळीसगाव आणि कन्नड मिळून २६० चौरस किलोमीटरचं. जिथून गुरं जातात तिथं आग गुडघ्याच्या वर येत नाही, हे मीही पाहिलंय. कमरेएवढं गवत उभ्यानं वाळू द्यायचं आणि मग १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम म्हणून पाटी लावायची, यात शहाणपण नाही. बी झडलं की डिसेंबरात गवत कापून भारे न्यायला मिळाले पाहिजेत. मोकळी चराई मात्र नको. शेळी गवत आणि झाडाचं रोप यात फरक करत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता 'गवत जोमानं येतं'. इथं मी अडतो. कुठलं गवत येतं?

कुसळी गवताचं एक बी, शेपटासकट, तळहातावर घ्या आणि त्यावर थेंबभर पाणी सोडा. पीळ पडलेलं शेपूट हळूहळू उलगडायला लागतं, बी गिरकी घेतं आणि त्याचं टोक कातडीला टोचतं. रानात रात्री दवानं पीळ सुटतो, दुपारी उन्हानं परत बसतो. असं फिरत फिरत ते बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. वणवा वरून निघून जातो आणि हे खाली शाबूत. दरवर्षी जाळत राहिलं की मारवेलसारखा गोड चारा मागं पडतो आणि पठारावर कुसळीचं राज्य येतं. कोवळी असताना गुरं तीही खातात, नाही म्हणत नाही. पण कुसळं धरली की तोंडात टोचते, मेंढीच्या लोकरीतून पार कातडीत घुसते. आजोबांच्या काळी डोंगर दरसाल, तोही सगळाच्या सगळा, पेटायचा का, एवढं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून बघा.

आणि नुकसान नुसतं गवताचं नाही. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री वनरक्षकांबरोबर वर गेलो होतो. चढावर आग पळते आणि उतारावर रांगते, असं आपण म्हणतो. त्या रात्री उतारावर तिला पाय फुटलेले पाहिले. सलईचा एक पेटलेला ओंडका सुटला, ठिणग्या उडवत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, ओलांडून गेला आणि आम्ही विझवलेल्या पट्ट्याच्या खाली त्यानं नवी आग लावली. परत पहिल्यापासून डहाळ्या आपटणं आलं. तिसऱ्या दिवशी गेलो तर बाकी सगळं गार झालेलं, पण धावड्याच्या एका ढोलीतून अजून धूर निघत होता, चिलमीसारखा. झाड उभं होतं, आतून पोकळ होत चाललेलं. रानपिंगळा असल्याच ढोलीत घरटं करतो. ११३ वर्षं जगात कुणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ साली आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळ सापडला. तो तिकडचा, सातपुड्यातला. पण ढोली इकडेही पोपटांना, घुबडांना लागतातच.

एक गोष्ट लेखात लिहायची राहिली होती, आणि तुमचा खरा राग तिच्यावर असेल तर तो रास्त आहे. त्या रात्री आम्ही पोचायच्या आधी पायथ्याची चार पोरं डहाळ्या घेऊन वर आलेली होती. कुणी बोलावलं नव्हतं. एकाच्या पायातली चप्पल तापलेल्या दगडाला चिकटली, तळ तिथंच राहिला आणि पट्टे पायात. पहाटे तो उतरला तेव्हा त्या पायाला माझा रुमाल गुंडाळलेला होता. ती पोरं आता लेखात आली आहेत, चपलेसकट.