रिंग करणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

तुमचं तसं उत्तम चाललंय. चौघं मिळून निविदा भरता, यंदा कोणाचा नंबर ते आधीच ठरलेलं असतं, उरलेले तिघं दर चढवून डमी टाकतात आणि पुढच्या खेपेला पाळी फिरते. कायदा याला संगनमत म्हणतो, तुम्ही समजूतदारपणा. पण स्पर्धा कायदा राबवणारे हल्ली निविदांचे ढीग यंत्राला वाचायला देतात. दक्षिण कोरियाने ही सुरुवात २००६ सालीच केली; ब्राझीलने तर आपल्या यंत्रणेचं नावच 'मेंदू' ठेवलंय. या मेंदूला कंटाळा येत नाही आणि तो कोणाच्या ओळखीतलाही नाही. म्हणून आपलेपणाने सांगतो, ऐका.

आधी दरांचं बघा. तुमचे दर फार शहाण्यासारखे वागतात. जिंकणारा थोडा खाली, डमी तिघं वर एकमेकांना चिकटून, आणि मध्ये एक सभ्य अंतर. खरे स्पर्धक असे वागत नाहीत, त्यांचे आकडे सैरभैर असतात. अमेरिकी सैन्याला गोठवलेले मासे पुरवणाऱ्यांची जुनी टोळी फुटली, तेव्हा सरासरी किंमत १६ टक्क्यांनी उतरली आणि तिचे हेलकावे तिपटीहून अधिक झाले. यंत्र नेमकी हीच अस्वाभाविक शांतता हुंगतं. तेव्हा थोडा गोंधळ घाला. एकाने अधूनमधून चिडून दर पाडावा, दुसऱ्याने सूड उगवावा, तिसऱ्याने हिशेबात चुकावं. आणि हे अगदी हुबेहूब वठायला हवं असेल तर सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता आपापला दर काढावा. कल्पना किळसवाणी आहे, मान्य.

मग कागदपत्रं. इथे तुमचा आळस बघून मला खरोखर वाईट वाटतं. तीन कट्टर प्रतिस्पर्धी, आणि तिघांच्याही निविदेत चौथ्या पानावर 'परिशिष्ट'चं 'परीशिष्ट'. फाइलची माहिती उघडावी तर तिन्ही बनवणारा माणूस एकच, वेळेत अकरा मिनिटांचा फरक. त्यातल्या एकीत तर कंपनीचं नाव बदलायचंच राहून गेलेलं! अहो, निदान शुद्धलेखनाच्या चुका तरी ज्याच्या त्याने कराव्यात. पूर्वीचे लोक मेहनती होते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वीजयंत्रं बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी कोणी केव्हा किती दर भरायचा याचा तक्ता केला होता, त्यात पाळी ठराविक दिवसांनी फिरे. त्याला चंद्राच्या कलांचं नाव पडलं. तो उजेडात यायला आतला माणूस फुटावा लागला, आणि १९६१ मध्ये सात अधिकारी तुरुंगात गेले. आज इतकी नियमित फेरी यंत्राला अमावास्येलासुद्धा दिसेल.

तुमच्यातला धाकटा म्हणेल, आपणही यंत्रच वापरू, दर सॉफ्टवेअर ठरवील. पोरगं हुशार आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकाऊ प्रोग्रॅम एकमेकांशी चकार शब्द न बोलता दर चढे ठेवायला शिकले. कोणी दर पाडला की बाकीचे त्याला धडा शिकवत आणि मग हळूहळू पुन्हा वर येत. कायद्याला मात्र 'करार' लागतो, आणि दोन प्रोग्रॅममध्ये हस्तांदोलन कुठून शोधणार? फक्त अमेरिकेतल्या त्या पोस्टरविक्यासारखं करू नका. त्याने आधी इतरांशी दर ठरवले आणि मग ते पाळायला सॉफ्टवेअरला बसवलं. २०१५ मध्ये त्याच्यावर फौजदारी खटला झाला. शिवाय सॉफ्टवेअरला तुमच्याइतकी लाज नसते. २०११ मध्ये माशीच्या घडणीवरच्या एका पुस्तकाचे दोन ऑनलाइन विक्रेते होते. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या १.२७०५८९ पट दर लावी, दुसऱ्याचा पहिल्याच्या ०.९९८३ पट. कट नव्हता, फक्त कोणी बघत नव्हतं. किंमत २,३६,९८,६५५.९३ डॉलरला पोचली. वर टपालखर्च ३.९९ डॉलर, तो मात्र रास्त.

आता दिलाशाची गोष्ट. यंत्राने बोट दाखवलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. कच्चा माल महागला की सगळ्यांचेच दर एकत्र चढतात, त्यात निरपराधही यंत्राच्या यादीत येतात. स्पर्धा आयोगाला शेवटी कागद लागतो, साक्ष लागते, फुटलेला माणूस लागतो. म्हणूनच यंत्राचा खरा उपयोग तुम्हाला पकडायला नाही, घाबरवायला आहे. नियम असा, की जो पहिला येऊन कबूल करील त्याला माफी. दुसऱ्याला मिळाली तर सवलत. युरोपातल्या ट्रक कंपन्यांनी १४ वर्षं गुण्यागोविंदाने काढली. पण एकीने आधी जाऊन सांगितलं, आणि २०१६ मध्ये बाकीच्यांना २.९३ अब्ज युरोंचा दंड झाला. सांगणारीला शून्य.

तुमच्या चौघांत अर्थात तसं कोणी नाही, इतक्या वर्षांचे संबंध आहेत. तरी एकदा सहज चौथ्याला फोन लावून बघा.

उचलत नाही? तब्येत बरी नसेल.