भिंतीला गोष्टी सांगणारा म्हातारा आणि किळस येणारे प्राध्यापक

आयर्लंडचं साहित्य म्हटलं की आपल्याकडे चार नावं ठरलेली: शॉ, येट्स, जॉइस, बेकेट. चौघेही थोर, त्यात वाद नाही. पण चौघांचं लेखन इंग्रजीतलं (बेकेट पुढे फ्रेंचकडे वळला, ते सोडा). आयरिश भाषेत काय होतं, ते कुणी जपलं आणि कुणी त्याला नाकं मुरडली, हे आपल्या गप्पांत येतच नाही. सध्या मी त्याच वाचनात अडकलेय आणि माझं एक मत बनलंय. जरा तिखट आहे, पण लिहितेच. आयरिशचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांपैकी काहींना ती भाषा हवी होती, बोलणारी माणसं मात्र नको होती.

1899 साली डब्लिनमध्ये माध्यमिक शिक्षणाची सरकारी चौकशी चालू होती. शाळेत आयरिशला किती जागा द्यायची, हाही त्यातला एक मुद्दा. ट्रिनिटी कॉलेजचे जॉन महॅफी साक्षीला आले. प्राचीन ग्रीसचे गाढे अभ्यासक. आयरिशचा अभ्यास नव्हता, मत मात्र पक्कं होतं. पश्चिमेकडे सामन मासे धरायला किंवा पक्ष्यांच्या शिकारीला गेलं की त्या भाषेतले चार शब्द कामाला येतात, असं त्यांनी सांगितलं. वर हेही, की एका मोठ्या जाणकाराच्या म्हणण्यानुसार आयरिशमधलं जे धार्मिक नाही, ते एकतर बाष्कळ तरी असतं नाहीतर अश्लील.

महॅफींना मी सोडून देते. न वाचता बोलणारे विद्वान सगळीकडे असतात. मला अस्वस्थ केलं ते रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी. हे त्याच कॉलेजात संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक. मध्ययुगीन आयरिश प्रवचनांचं आणि संतकथांचं जाडजूड बाड त्यांनी स्वतः संपादित केलं होतं. म्हणजे माणूस आतला. आणि तोच आयोगापुढे सांगतो की लोककथा ही चीजच मुळात किळसवाणी, आणि आजच्या बोलत्या आयरिशला ना धड व्याकरण ना धड शुद्धलेखन, मुलांना काय शिकवणार? हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूने चर्मपत्रावर लिहिलं की ते संशोधनाचं साहित्य, आणि त्याच भाषेत गावातली म्हातारी बोलली की ती शिसारी!

गंमत पुढे आहे. भारतीय भाषांची गोडी लागायला हेच ॲटकिन्सन कारणीभूत ठरले, असा एक विद्यार्थी त्यांना लाभला होता: जॉर्ज ग्रिअर्सन. हो, भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचे ग्रिअर्सन. त्या सर्वेक्षणाचा सातवा खंड, 1905 सालचा, आपल्या मराठीचा आणि तिच्या बोलींचा आहे. गुरूला बोलीतल्या गोष्टींचा वीट, आणि शिष्याच्या देखरेखीखाली बोलीबोलीतले नमुने, गोष्टी, गाणी गोळा होऊन छापली जातायत. गुरूचं सगळंच घ्यायचं नसतं, हे बरंय.

ॲटकिन्सनना उत्तर दिलं डग्लस हाइड यांनी. तेही ट्रिनिटीचेच पदवीधर, प्रोटेस्टंट पाद्र्याचे चिरंजीव. पण आयरिश शिकले ती रॉसकॉमनमधल्या घराच्या आसपास राहणाऱ्या साध्या माणसांकडून. 1893 मध्ये गेलिक लीग, म्हणजे आयरिश भाषा टिकवण्यासाठीची संघटना, उभी राहिली तेव्हा पहिले अध्यक्ष हेच. पुढे 1938 मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्षही. हाइडनी युरोपातल्या विद्वानांकडून पत्रं मागवली: विंडिश, त्सिमर, कुनो मायर. यातले विंडिश आणि त्सिमर हे संस्कृतचेही पंडित! त्यांनी एकमुखाने ॲटकिन्सनना खोडून काढलं आणि आयरिश अभ्यासक्रमात टिकली. पण विचार करा, डब्लिनच्या शाळेत तिथलीच भाषा शिकवायला जर्मनीतून शिफारसपत्र आणावं लागत होतं.

जर्मनीतूनच का, तर पाया तिथे घातला गेला होता. योहान कास्पार त्सॉइस या बव्हेरियन माणसाने 1853 मध्ये केल्टिक भाषांचं, म्हणजे आयरिश ज्या कुळातली त्या भाषांचं, व्याकरण प्रसिद्ध केलं, लॅटिनमध्ये. आयरिश भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या समासात आणि ओळींच्या मध्ये आपल्या भाषेत टिपा लिहून ठेवल्या होत्या. वुर्त्सबुर्ग, मिलान, सेंट गॅलन इथल्या पोथ्यांमधल्या त्या टिपांवरून त्याने आठव्या-नवव्या शतकातली भाषा उभी केली. अफाट काम आहे, मला त्याबद्दल आदरच आहे. पण साल बघा. 1845 पासून बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली, तितकीच जहाजांत बसून परागंदा झाली. सगळ्यात जास्त झळ पश्चिमेकडच्या गरिबांना, म्हणजे नेमकी आयरिश बोलणाऱ्यांना. 1851 च्या जनगणनेत आयरिश बोलणारे पंधरा लाखांच्या वर होते. 1891 मध्ये सात लाखही उरले नाहीत. जुनी आयरिश ग्रंथालयात जिवंत होत होती आणि नवी बंदरावरून निघून जात होती, एकाच वेळी.

जाता जाता व्हिटली स्टोक्स. डब्लिनचे वकील, 1862 मध्ये भारतात आले, पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य झाले. आपण फ्लॅट घेतो तेव्हा जो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, तो त्यांच्याच कारकिर्दीतला. हाच माणूस दिवसा कायदे लिही आणि उरलेल्या वेळात जुनी आयरिश सोडवी. कॉरमॅकच्या नावावरचा मध्ययुगीन आयरिश शब्दकोश, जॉन ओ'डोनोव्हनच्या भाषांतरासह, स्टोक्सनी संपादित केला. तो 1868 मध्ये छापला गेला चक्क कोलकात्यात! ॲटकिन्सनच्या संपादनातल्या चुकाही स्टोक्सनी निर्दयपणे काढल्या. ते वाचताना मला जरा आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण माझ्या लेखी खरं वळण आलं 1935 मध्ये, आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला तेव्हा. सूत्रधार जेम्स डेलार्गी. त्यांना केरी परगण्यात शॉन ओ कोनल नावाचा शेतकरी-मच्छीमार कथेकरी भेटला होता. निरक्षर. ऐकायला माणसं उरली नव्हती, म्हणून विसर पडू नये यासाठी गुरं राखताना हा गडी दगडी भिंतीला गोष्टी सांगायचा, हातवाऱ्यांसकट. बाजारातून परतताना घोडीमागून चढ चढत गाडीच्या पाठीला सांगायचा. डेलार्गींनी त्याच्याकडून मिळालेलं सगळं पुस्तकरूपाने 1948 मध्ये आणलं, शीर्षकात त्याचं नाव घालून. ॲटकिन्सनच्या साक्षीला एकोणपन्नास वर्षांनी मिळालेलं हे उत्तर मला जर्मन पत्रांपेक्षा जास्त पटतं.

1937 ते 1939 मध्ये तर आयोगाने शाळकरी मुलांनाच संशोधक केलं. सुमारे 5000 प्राथमिक शाळा, 50 हजारांहून जास्त मुलं, साधारण अकरा ते चौदा वयाची. घरी आणि शेजारी जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, वहीत उतरवायचं. पुरलेलं धन, कोडी, पावसाचे ठोकताळे, घरगुती औषधं, लोणी घुसळताना पाळायचे नियम, दुष्काळाच्या आठवणी. वह्या आणि त्यांतून निवडून बांधलेले खंड मिळून साधारण 7 लाख 40 हजार पानं! इतिहासाचा एवढा मोठा साक्षीपुरावा मुलांनी लिहिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तरी आरती ओवाळायची नाही. आयोगाचे पूर्णवेळ संग्राहक सगळे पुरुष. बायका आपसात काय बोलत, गात, रडत, त्यातलं किती सायकलवरून आलेल्या परक्या बाप्याला सांगितलं असेल? ब्रिटनकडे राहिलेले उत्तरेकडचे सहा परगणे शाळांच्या योजनेत नव्हतेच. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट: मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरायचा, उतरवून घ्यायचा, मग मेण तासून तेच नळकांडं परत वापरायचं. पैसा नव्हता. शब्द उरले, आवाज बहुतेक गेले. यावर मी डेलार्गींना दोष देणार नाही. सरकारला देईन.

या संग्राहकांच्या भाबडेपणाची टरही आयरिशमध्येच उडवली गेली, तीही 1941 मध्ये, ऐन भरात. ब्रायन ओ'नोलनच्या कादंबरीत एक विद्वान अंधारात डुकराचं गुरगुरणं अस्सल दुर्मीळ आयरिश समजून यंत्रावर टिपतो, आणि बर्लिनमध्ये त्याची वाहवा होते. आपल्याकडे 'अस्सल ग्रामीण' शोधत फिरणाऱ्यांना ही कादंबरी सक्तीची करावी.

मुलांच्या वह्या आता 'दूखस' नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. हौशी लोक घरबसल्या त्या टंकित करतात. बरीचशी पानं इंग्रजीत आहेत, कारण तोवर बहुतेक मुलांच्या घरात इंग्रजीच आली होती. त्यामुळे आयरिश येत नाही ही सबब चालणार नाही. भुतांच्या गोष्टींपासून सुरुवात करू नका, त्या सगळीकडे सारख्याच असतात. दुष्काळाचा विषय उघडा. कुणाची झोपडी कुठे होती, कोण कुठल्या वाटेवर पडलं, हे नव्वद वर्षांनंतर आजोबा नातवाला सांगतोय आणि नातू शाईने लिहितोय. वाचून झालं की खाली कॉमेंटमध्ये लिहा, मला वाचायचंय.